विद्यार्थ्यांचे बौद्ध अभ्यास मंडळ
(विहाराच्या वर्धापन दिनी नंदनवन येथे दिलेले भाषण)



आपल्या नंदनवनात इंजिनिअरिंगचे कॉलेज आहे, महिला महाविद्यालय आहे. बाहेरगावची मुलं-मुली इथे खोल्या करून राहतात. त्यांतल्या काहींना विद्यापीठातल्या मित्रांसोबत बौद्ध अभ्यास मंडळ काढायचे आहे. दर रविवारी संध्याकाळी दोन तास त्यांना विहाराचा हॉल पाहिजे. आपल्यातले काही ज्येष्ठ म्हणतात, पोरं वंदनेला येत नाहीत अन् वाद घालायला जागा मागतात! त्यावरच मी आज बोलणार आहे.

शाळकरी वयात बाबासाहेबांना केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचल्यावर त्यांनी वडिलांनाच विचारले, की शूद्र-अस्पृश्यांना हीन लेखणाऱ्या कथा असलेले रामायण-महाभारत तुम्ही आम्हाला का वाचायला लावता? सुभेदारांना प्रश्न आवडला नाही. मुलांनी सांगितले तसे करावे, असे म्हणून त्यांनी गप्प केले. घरोघरचे वडील असेच असतात म्हणा! पण तो प्रश्न काही मिटला नाही.

आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ तुम्ही उघडून पहा. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1957 साली, तो मूळ इंग्रजीत प्रकाशित झाला. त्याच्या प्रस्तावनेत बाबासाहेब चार प्रश्न मांडतात. सिद्धार्थाने गृहत्याग खरोखर का केला? चार आर्यसत्ये ही बुद्धांची मूळ शिकवण की नंतरची भर? आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म यांचा मेळ कसा लावायचा? आणि भिक्खू कशासाठी, स्वतःच्या पूर्णतेसाठी की लोकांच्या सेवेसाठी? वाचकांनीही या प्रश्नांवर विचार करून भर घालावी, अशी अपेक्षा ते व्यक्त करतात. मग तेच प्रश्न आपल्या विहारात एखाद्या मुलीने विचारले तर आपल्या कपाळाला आठ्या का पडाव्यात? एका ठिकाणी पुनर्जन्माबद्दल विचारणाऱ्या मुलीला "आधी पंचशील पाठ कर" असे सांगितलेले मी ऐकले आहे. पंचशील तिला पाठ होते. ती पुन्हा तिथे आली नाही.

औरंगाबादला 1950 साली बाबासाहेबांनी कॉलेज काढले. त्याला पुढे नाव दिले मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. एक राजा, एक भिक्खू. राजाने विचारायचे, भिक्खूने उत्तर द्यायचे. 'मिलिंदपञ्ह' हा ग्रंथच मुळी प्रश्नांचा. त्यात चर्चेआधी नागसेन एक अट घालतात. पंडितासारखे बोलणार असशील तर बोलू, राजासारखे बोलणार असशील तर नाही. पंडितांच्या वादात एकमेकांची मते खोडली जातात, चूक दाखवली जाते, पण कुणी रागावत नाही. राजाच्या वादात न पटणाऱ्याला शिक्षा होते. मिलिंदाने अट मान्य केली. ग्रीक राजा होता, सैन्य होते त्याच्याकडे, तरी मान्य केली. आपल्याकडे फक्त हॉलची किल्ली आहे!

आता विद्यार्थ्यांना. तुम्हाला सवलत नाही. नुसते चर्चेपुरते चार मुद्दे गोळा करून यायचे नाही, मूळ वाचायचे. पाली शिका. आपल्या विद्यापीठात पाली-प्राकृत विभाग आहे. बाबासाहेबांनी एवढ्या व्यापात पाली व्याकरण आणि शब्दकोशाचे काम केले, ते महाराष्ट्र शासनाने 1998 मध्ये सोळाव्या खंडात छापले. तुम्हाला तर परीक्षेशिवाय दुसरा व्याप नाही. आणि तुमच्यातलाच एखादा वेगळे बोलला तर त्याच्यावर तुटून पडू नका. राजाचा वाद काय म्हाताऱ्यांनाच येतो असे नाही.

सुरुवात रोहिणी नदीच्या प्रकरणापासून करा. शाक्य आणि कोलिय यांचे पाण्यावरून भांडण, सिद्धार्थाचा युद्धाला विरोध, संघात झालेला पराभव आणि मग गृहत्याग. पाण्याचे भांडण म्हणजे काय, हे गावाकडून आलेल्या मुलांना समजवावे लागणार नाही. त्या दिवशी आजी-आजोबांनीही बसावे. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर गेलेली माणसे या वस्तीत आहेत. त्या दिवशी त्यांनी काय समजून बावीस प्रतिज्ञा घेतल्या, हेही पोरांना विचारू द्या.

समितीला विनंती, किल्ली येत्या रविवारीच द्यावी. पंखे-दिव्याचे बिल मंडळाने भरायचे का, ते नंतर बसून ठरवू.

नमो बुद्धाय, जयभीम!