चुलीत जळते काय?



आपल्या आंधळगावात कोसा उकळायचा म्हटले की चूल आलीच. सरपण ओले निघाले की घरची माणसे डोळे चोळीत फुंकणी घेऊन बसतात. फुंकणीने आपण सरपणात काहीच घालीत नाही, त्याला फक्त हवेतला प्राणवायू पुरवतो.

पुष्कळ विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात, 'इंधनात ऊर्जा साठवलेली असते, जळले की ती सुटते.' गुण मिळतात, पण गोष्ट अर्धीच आहे. अणूंना जोडणारे बंध तोडायला ऊर्जा खर्चावी लागते, नवे बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते. म्हणून तर आधी काडी ओढावी लागते. मिथेन वायूचा हिशेब पाहा. १६ ग्रॅम मिथेन आणि त्याला लागणारा ६४ ग्रॅम प्राणवायू यांचे बंध तोडायला सुमारे २,६५० किलोज्यूल लागतात. त्याच अणूंचे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व ३६ ग्रॅम पाणी झाले की सुमारे ३,४५० परत मिळतात. वरचे ८०० हा नफा. प्राणवायूच्या रेणूतला बंध त्या मानाने सैल, नवे बंध घट्ट. उष्णता या फरकातून येते. तेव्हा श्रेय एकट्या इंधनाला देऊ नये, हवेचाही त्यात वाटा आहे.

तो वाटा लहान नाही. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, मुख्यत्वे प्रोपेन व ब्यूटेन. तो पूर्ण जळताना स्वयंपाकघरातल्या हवेतून सुमारे ५१ किलो प्राणवायू घेतो आणि जवळजवळ ४३ किलो कार्बन डायऑक्साइड व २२ किलोंहून अधिक वाफ देतो.

ओल्या लाकडात मात्र एक किलो पाण्याची वाफ करण्यातच २,२६० किलोज्यूल जातात. जाळ थंड पडतो, वायू अर्धवट जळतात. डोळ्यांत जातो तो धूर म्हणजे वाया गेलेले इंधनच.

आता माताभगिनींनी विशेष लक्ष द्यावे. कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. १२ ग्रॅम कार्बन पूर्ण जळला तर ३९४ किलोज्यूल मिळतात, असा अर्धवट जळला तर जेमतेम ११०. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. थंडीत बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. डोके जड होते, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक, असे समजू नये. शेगडी खोलीबाहेर ठेवावी, बाळबाळंतिणीला गोधडी पुरे.

गॅसची ज्योत निळीऐवजी पिवळी का होते, असे एका पालकांनी आताच विचारले. पिवळेपणा न जळलेल्या कार्बनच्या तापलेल्या कणांचा. भांड्याच्या बुडाला लागते ती काजळी तीच. बहुधा बर्नरची भोके बुजलेली असतात. शेगडी थंड असताना ती साफ करून घ्यावीत.