अद्भुत कथांचे ऋण
(काष्टी येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



काष्टीच्या बाजारातून वडिलांनी एकदा बैलाच्या दाव्याबरोबर ‘चांदोबा’चा जुना अंक आणला. त्यातील विक्रम-वेताळाने आम्हांस वाचनाची गोडी लावली. पुढे शिक्षक झाल्यावर मात्र एका विद्यार्थ्याच्या हातून तोच ‘चांदोबा’ आम्ही ‘अवांतर’ म्हणून काढून घेतला. त्या मुलाने पुन्हा आपण होऊन पुस्तक उघडले नाही. ती चूक सर्वस्वी आमची.

वेताळ प्रश्न विचारतो, तेव्हा राजाने उत्तर देण्यापूर्वीच मूल न्यायाचा विचार करू लागते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी कथांत वजिराची कन्या रोज गोष्ट अपुरी ठेवून प्राण वाचविते. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, तेव्हा विज्ञानातील अद्भुतही मुलांपुढे आले. हे अवांतर कसे म्हणावे?

१९५२ साली मराठीत अवतरलेला ‘चांदोबा’ आता बंद पडला आहे. घरी जुने अंक असतील तर ते रद्दीत घालू नयेत. आजोबांनी रात्री नातवंडांस एक कथा वाचून दाखवावी आणि वेताळाचे उत्तर आधी त्यांना विचारावे. गुणवंतांच्या सत्कारात नारळाबरोबर असे एक पुस्तकही द्यावे, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.