मुक्या जिवाचे औषधपाणी आणि माणसाचा पगार



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून काहीजणांच्या भुवया वर गेल्या असतील. कामगारांत काम करणाऱ्या माणसाने महागाईवर बोलावे, बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे; कुत्र्याच्या डॉक्टरच्या बिलावर बोलण्याचे त्याला काय कारण? आपल्या चिटणीसांनीही मला हेच विचारले. मी त्यांना म्हटले, बिल कशाचेही असो, ते कोणाच्या तरी पगारातून जाते, आणि पगार हा माझा विषय आहे. मी कॉलेजात गेलेलो नाही. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावरच्या सभांत. तेव्हा पशुवैद्यकाचे शास्त्र मी आपणांस सांगणार नाही. त्याचा हिशेब तेवढा मांडणार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. कुत्रे पाळणे हा बंगलेवाल्यांचा शौक आहे असे आपण धरून चालतो. परंतु धनगराचा कळप कुत्र्यावाचून चालत नाही, शेतावरच्या खोपटाला कुत्र्यावाचून राखण नाही, आणि रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला पहाटेपर्यंत सोबत असते ती बहुधा कुत्र्याचीच. वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीच्या उंबऱ्यावर झोपणारे कुत्रेही त्या घरातलेच असते. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आपण नित्य पाहतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. नामदेवांना तूप तेवढे द्यावे लागले. सलाईनचे बिल त्यांच्यापुढे कोणी ठेवले नाही!

आता दुसरा आक्षेप, आणि तो गंभीर आहे. माणसाला औषध मिळत नाही, तेथे कुत्र्याच्या औषधाची चिंता कसली? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण आमच्या चळवळीच्या जन्माशीच त्याचा संबंध आहे. सर दिनशा पेटिट हे मुंबईचे मोठे गिरणीमालक. त्यांच्या देणगीतून आणि त्यांच्या पत्नीच्या नावाने 1883 मध्ये परळला बाई साकरबाई जनावरांचे रुग्णालय निघाले. ते आजही तेथे आहे. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1884 मध्ये, त्याच परळला नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातल्या मागण्या कोणत्या? आठवड्याची एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, आणि कामावर जखमी झालेल्या माणसाला भरपाई. म्हणजे जखमी बैलासाठी परळला खाट तयार होती, आणि जखमी कामगाराच्या भरपाईचा कायदा यायला 1923 साल उजाडले.

हे ऐकून कोणी म्हणेल, पाहा, तुमचाच दाखला तुमच्यावर उलटला. परंतु लोखंड्यांनी बैलाची खाट काढून घ्या अशी मागणी केली नाही. त्यांनी माणसासाठी हक्क मागितला. दुबळ्याचे दुबळ्याशी भांडण लावून देणे हा मालकांचा जुना डाव आहे. आपण तो स्वतःवरच का खेळावा? ज्या घरात कुत्र्याच्या उपचारासाठी कर्ज निघते, त्या घरात माणसाच्या उपचारासाठीही कर्जच निघते. रोग दोन असले तरी दुखणे एकच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे उपचार इतके महाग का?

आपल्या देशात जनावरांच्या वैद्यकाची सरकारी व्यवस्था उभी राहिली ती कमावत्या जनावरांसाठी. मुंबईची ट्राम 1874 पासून घोड्यांनी ओढली, मालाच्या गाड्या बैलांनी ओढल्या, आणि शेती तर बैलांवरच होती. 1886 मध्ये मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय परळलाच सुरू झाले. 1889 मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा निघाली. पुढे ती मुक्तेश्वरला गेली आणि तिचीच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. बुळकांडीने गावेच्या गावे गुरांवाचून ओस पडत. त्या बुळकांडीवर सरकारी लस आणि सरकारी डॉक्टर गोठ्यागोठ्यापर्यंत पोचले, आणि 2011 मध्ये साऱ्या जगातून हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. सार्वजनिक व्यवस्थेने काय होऊ शकते याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

परंतु कुत्रे दूध देत नाही, नांगर ओढत नाही. पंचायतीच्या हद्दीत गुरांचा दवाखाना आहे. तेथे कुत्र्याला हाकलून देत नाहीत, पण व्यवस्थेचा रोख गाई-म्हशींवर असतो. शहरात गुरे नाहीत म्हणून सरकारी दवाखाने थोडे, आणि कुत्री पुष्कळ. ही उणीव खाजगी दवाखान्यांनी भरून काढली. दानधर्मावर चालणारी रुग्णालये आहेत. मुंबईत महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटांच्या ट्रस्टने लहान जनावरांचे मोठे रुग्णालय उघडले. त्यांचे उपकार आहेतच. पण एका शहरातल्या एका रुग्णालयाने सोलापूरच्या किंवा मालेगावच्या माणसाचा प्रश्न सुटत नाही.

गेल्या वर्षी आमच्या पतपेढीकडे एका सफाई कामगाराने उचल मागितली. अर्जात कारण लिहिले होते, “घरातील आजारपण.” चौकशी केली तेव्हा कळले की आजारी होते ते तीन महिन्यांचे पिल्लू. समितीतले दोघे हसले. तो माणूस खाली मान घालून म्हणाला, “साहेब, पोरीने दोन दिवस अन्न घेतले नाही.” मग कोणी हसले नाही. ते बिल मी कंपनीचा ताळेबंद वाचावा तसे वाचले. रोग पार्व्हो. हा विषाणू 1978 च्या सुमारास जगभर पसरला. आतड्यांवर हल्ला करतो, उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात, अंगातले पाणी आटते. विषाणूला मारणारे हुकमी औषध नाही. पाच-सात दिवस सलाईन, उलटीवरची इंजेक्शने आणि रात्रंदिवस देखरेख हाच उपचार. बिलात सलाईन होते, रक्ततपासणी होती, औषधे होती, रात्री ठेवण्याचा आकार होता. डॉक्टरची स्वतःची फी या सर्वांत लहान रक्कम होती. एकूण आकडा त्या माणसाच्या महिन्याच्या पगारापेक्षा मोठा होता. पिल्लू वाचले. उचल अजून फिटते आहे.

या बिलावरून मी दोन गोष्टी शिकलो. पहिली, यंत्र माणसाचे असो की कुत्र्याचे, क्ष-किरणांचे यंत्र तेच, भूल तीच, प्रयोगशाळा तशीच. जागेचे भाडेही तेवढेच. फरक इतकाच की माणसाच्या बाबतीत हा बोजा निदान काही अंशी सरकारी इस्पितळ उचलते, कामगार विम्याची योजना उचलते. कुत्र्याच्या बाबतीत सगळा बोजा एकाच खिशावर, आणि तोही एकाच दिवशी. दुसरी गोष्ट, पार्व्होची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने देतात. त्या सगळ्या लसी मिळून जो खर्च झाला असता तो या बिलाचा लहानसा अंश होता. गरिबाला उपचार महाग पडतात, कारण वेळेवरची लस त्याच्या दारापर्यंत पोचलेली नसते.

डॉक्टरांना लुटारू म्हणणे सोपे आहे. काही तसे असतीलही. परंतु केवळ माणसांना दोष देऊन अर्थकारण कळत नाही. त्यासाठी इंग्लंडचे उदाहरण पाहू. पहिले महायुद्ध चालू असताना, 1917 मध्ये, लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपल या कामकऱ्यांच्या वस्तीत मारिया डिकिन या बाईंनी एका तळघरात गरिबांच्या जनावरांसाठी मोफत दवाखाना काढला. त्यातून उभी राहिलेली संस्था आजही चालू आहे. त्याच देशात 1999 पर्यंत जनावरांच्या दवाखान्याची मालकी डॉक्टरांकडेच असे. नियम सैल झाला आणि भांडवलवाल्या कंपन्या दवाखाने विकत घेऊ लागल्या. 2013 मध्ये मोठ्या कंपन्यांच्या हाती सुमारे 10 टक्के दवाखाने होते. आता जवळजवळ 60 टक्के आहेत. तेथील स्पर्धाविषयक सरकारी प्राधिकरणाने चौकशी करून ऑक्टोबर 2025 मध्ये आपले तात्पुरते निष्कर्ष मांडले. 2016 ते 2023 या काळात दर सरासरीने 63 टक्के वाढले, इतर महागाईहून कितीतरी अधिक. मग हा पैसा दवाखान्यात राबणाऱ्यांना मिळाला काय? 2024 च्या उन्हाळ्यात वेल्समध्ये अशाच एका कंपनीच्या दवाखान्यांतले डॉक्टर आणि परिचारिका पगारासाठी संपावर गेले. बिल वाढले म्हणून दवाखान्यातल्या नोकराचा पगार वाढतो असे नाही, हे आम्हा कामगारांना इंग्लंडमधून शिकायला नको होते. तरी पुरावा आला तो बरा. आपल्याकडे ही लाट आली तर आपण आधी जागे असावे.

हा प्रश्न केवळ भूतदयेचाही नाही. रेबीज, म्हणजे कुत्रे पिसाळण्याचा रोग, याने जगात दर वर्षी सुमारे 59 हजार माणसे मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक आपल्या देशातली. लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळपास वाचतच नाही. पोटात घ्यावयाची चौदा इंजेक्शने आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. आता लस सुधारली, पण रोग गेला नाही. शंभरांतल्या सत्तर कुत्र्यांना लस टोचली तर रोगाची साखळी तुटते, असे ही संघटना सांगते. मरणाऱ्यांत मुले पुष्कळ, आणि ती बहुतेक गरिबांची. तेव्हा कुत्र्याची लस ही मुलाचीही लस आहे.

कायदा काय म्हणतो? 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पाळलेले जनावर विनाकारण टाकून देणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. बिल परवडत नाही म्हणून रात्री स्टेशनाजवळ सोडून दिलेले कुत्रे भटक्या कुत्र्यांत भर घालते, आणि मग आपणच भटक्या कुत्र्यांच्या नावाने ओरड करतो. दया करा असे कायदा सांगतो. दयेचे पैसे कोणी द्यावेत याविषयी तो गप्प आहे.

आता काय करावे, ते सांगून संपवतो. घटनेच्या बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांच्या कामांत प्राण्यांवरील क्रूरतेचा प्रतिबंध हे काम नोंदलेले आहे. त्या आधारावर आपल्या नगरपालिकेकडे जनावरांचा एक दवाखाना आणि प्रत्येक प्रभागात वर्षातून दोनदा लसीचे शिबिर मागावे. कुत्र्याच्या परवान्याची फी याच कामी लावावी. खाजगी डॉक्टरांनी नेहमीच्या उपचारांचे दर दारावर लावावेत, मोठ्या उपचाराआधी अंदाज लिहून द्यावा आणि औषध बाहेरून घेण्यास मोकळीक द्यावी. प्रामाणिक डॉक्टरांना याचे भय वाटण्याचे कारण नाही.

तिसरे काम आपल्या हातचे आहे. 1948 च्या कामगार विमा कायद्याचे तत्त्व काय? सर्वांनी थोडे द्यावे, ज्याच्यावर वेळ येईल त्याने घ्यावे. दोनशे घरांनी महिना पन्नास रुपये वर्गणी काढली तर वर्षाला एक लाख वीस हजार जमतात. लसी वेळेवर दिल्या, तर मोठे दुखणे थोड्याच कुत्र्यांना येईल, आणि त्यांच्यापुरता तो निधी आधार होईल. आमच्या पतपेढीने हा ठराव आणला आहे. त्या सफाई कामगारानेच तो मांडला, आणि या वेळी अर्जात त्याने कारण स्पष्ट लिहिले: “कुत्र्याच्या औषधासाठी.”

त्याला ते लिहिण्याची लाज वाटली नाही. आपल्या गावातही कोणाला वाटू नये, एवढे झाले तरी पुष्कळ.