मान आणि मर्यादा

बंगळुरूच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. १९७०च्या दशकात आकारास आलेल्या या वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग घडविणारे असंख्य लहानमोठे कारखाने आहेत, तसेच तयार कपड्यांचेही. पहिल्या पाळीला कन्नड, तमिळ, हिंदी, उडिया अशा अनेक भाषा एकाच फाटकातून आत शिरतात. आणि त्यांच्याबरोबर मानाच्या निरनिराळ्या कल्पनाही.

एकच शब्द घ्या. मराठीत ‘मर्यादा’ म्हणजे सीमा; ती ओलांडावयाची नसते. कन्नडमध्ये ‘मर्यादे’ म्हणजे आदर. तो द्यावयाचा असतो. समजा, मराठी मुकादमाने कन्नड कामगाराला चारचौघांत बजावले, ‘मर्यादेत राहा.’ कामगाराच्या मनात येणार, मर्यादा सोडली ती यानेच! शब्द एक, पण एकाला त्यात दुसऱ्याचे कर्तव्य दिसते, तर दुसऱ्याला स्वतःचा हक्क.

फारसीतून आलेल्या ‘अब्रू’चा मूळ अर्थ चेहऱ्याचे पाणी, म्हणजे तेज. चिनी लोकही मानहानीला ‘तोंड गमावणे’ असेच म्हणतात. ही अब्रू पाहणाऱ्याच्या डोळ्यांत वसते. म्हणूनच पगारकपात मुकाट्याने सोसणारा माणूस चारचौघांतल्या एका शब्दासाठी नोकरीवर लाथ मारतो. याउलट, तिरुक्कुरळाच्या ९७व्या प्रकरणात मानी पुरुषाला चमरीची उपमा दिली आहे. केस गेला तर ती प्राण ठेवीत नाही. तिला प्रेक्षक लागत नाहीत.

परंतु मानाची खरी कसोटी लागते, ती तो दुसऱ्याच्या आयुष्यात ठेवला जातो तेव्हा. शिलाईयंत्रावर बसून स्वतःच्या कमाईने घर चालविणाऱ्या मुलीने जोडीदार निवडला, की गावाकडे ‘घराण्याची इज्जत गेली’ अशी हाकाटी होते. मुलीचा कष्टाचा पैसा घराण्याला चालतो. तिचा निर्णय तेवढा चालत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहाला कुटुंबाची वा जातपंचायतीची संमती आवश्यक नाही.

आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ असे शब्द आहेत. घराण्याची, जातीची असे नाहीत. मान मिळवावा लागतो, अब्रू जपावी लागते. प्रतिष्ठा मात्र माणूस जन्मतःच घेऊन येतो. ती दुसऱ्याला नाकारून जी राखली जाते, तिला अब्रू म्हणावे काय, हा प्रश्न प्रत्येक भाषेने स्वतःलाच विचारावयाचा आहे.