पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या आजच विकत घ्याव्यात का?

पेट्रोल पंपावर किंवा मॉलच्या दारात एखादा मुलगा आपल्या हातात कूपन देतो. नाव आणि मोबाईल नंबर एवढंच लिहून मागतो. आठवड्याभरानं फोन येतो, ‘अभिनंदन, तुमच्या कुटुंबाला तीन दिवस, दोन रात्रींची मोफत सहल लागली आहे. रविवारी संध्याकाळी अमुक हॉटेलच्या हॉलमध्ये येऊन व्हाउचर घेऊन जा. मात्र नवरा-बायको दोघांनीही यायला हवं.’ हुबळीत विद्यानगरला राहा, धारवाडात सप्तापूरला राहा, तुम्हाला नाही तर तुमच्या शेजाऱ्यांना हा फोन आलेला असतोच. आजचं बोलणं त्या रविवारच्या संध्याकाळबद्दल आहे.

दोघांनीही यायला हवं, या अटीमागे साधं कारण आहे. एकटा आलेला माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून उठून जाऊ शकतो. दोघं बसलेली असली की ती वाट बंद होते. चहा येतो, मुलांना रंगीत खडू आणि कागद मिळतात, आणि समोरचा तरुण अत्यंत अदबीनं विचारतो, ‘काका, वर्षातून एकदा तरी काकूंना घेऊन बाहेर पडता का?’ मग तो एक कोरा कागद घेतो. त्यावर लिहितो, चांगल्या हॉटेलचं एका रात्रीचं भाडं आठ हजार. गुणिले सात रात्री. गुणिले पंचवीस वर्षं. उत्तर येतं चौदा लाख. त्या चौदा लाखांभोवती तो गोल काढतो आणि खाली आपल्या क्लबच्या सदस्यत्वाची, म्हणजे पंचवीस वर्षं दरवर्षी सात रात्री रिसॉर्टमध्ये राहण्याच्या हक्काची, किंमत लिहितो, समजा चार लाख. दोन आकडे एकाखाली एक. दहा लाखांची बचत डोळ्यांसमोर दिसते. आजच सही केली तर त्यातही सूट, उद्या हा भाव नाही.

त्या कागदावरचा गुणाकार बरोबर असतो. पण दोन गोष्टी त्यावर लिहिलेल्या नसतात. पहिली म्हणजे वार्षिक वर्गणी. सदस्यत्वाचे पैसे एकदाच भरायचे असले तरी रिसॉर्टची देखभाल म्हणून दरवर्षी वेगळी रक्कम द्यावी लागते, तिच्यावर अठरा टक्के जीएसटी असतो आणि ती महागाईबरोबर वाढत जाते. बहुतेक करारांत तुम्ही त्या वर्षी गेलात की नाही याचा तिच्याशी संबंध नसतो. दुसरी गोष्ट म्हणजे आज एकरकमी दिलेल्या पैशाचं व्याज.

आपण स्वतः हिशेब मांडू. आकडे उदाहरणासाठी घेतो, तुमच्या कागदावरचे आकडे तुम्ही घाला. चार लाख रुपये बँकेत सात टक्क्यांनी ठेवले आणि पंचवीस वर्षं दरवर्षी सारखी रक्कम काढून मुद्दलासकट संपवायचे ठरवले, तर वर्षाला सुमारे ३४,३०० रुपये हाती येतात. सदस्य होताना आपण हेच सोडून देतो. त्यात करासकट १८,००० रुपये वर्गणी धरा. झाले ५२,३००. सात रात्रींनी भागलं तर एका रात्रीला साडेसात हजारांच्या आसपास. म्हणजे ज्या आठ हजारांच्या हॉटेलशी तुलना चालली होती, त्याच्या जवळच आपण येऊन पोचलो. वर्गणी वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली तर बारा वर्षांत दुप्पट होते. हॉटेलांची भाडीही वाढतील हे खरंच आहे, तो मुद्दा विक्रेत्याच्या बाजूचा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण हा सगळा हिशेब सातही रात्री दरवर्षी वापरल्या तर. निम्म्याच वापरल्या तर तीच रात्र पंधरा हजारांना पडते. शिवाय यात प्रवास नाही, जेवण नाही. घाटात किंवा समुद्रकाठी गावापासून दूर असलेल्या रिसॉर्टमध्ये चार माणसांच्या दोन वेळच्या जेवणाचं बिल काय होतं, हे जाऊन आलेल्यांना विचारा.

म्हणून माझ्या मते रिसॉर्टचे फोटो पाहण्याआधी घरात एक काम करावं. मागच्या पाच वर्षांत आपण सगळे मिळून कुठे कुठे गेलो, किती रात्री राहिलो, कुणाकडे राहिलो, हे वहीत लिहून काढावं. पुढच्या पंचवीस वर्षांबद्दल माणूस हौसेनं काहीही बोलतो, मागच्या पाच वर्षांत मात्र त्याला फेरफार करता येत नाही.

आपल्याकडच्या मराठी घरांत ही वही कशी दिसेल? मे महिन्यात आजोळी, बेळगावला किंवा कोल्हापूरला. एखादं लग्न. सौंदत्तीची यल्लम्मा, पंढरपूर, तुळजापूर, तिथे देवस्थानाच्या भक्तनिवासात मुक्काम. गोव्याला गेलो तर मामेभावाकडे, किंवा सकाळी निघून दुसऱ्या दिवशी रात्री परत. आणि आपल्या दोन्ही गावांच्या आसपास एका-दोन रात्रींत पाहून येण्यासारखं किती आहे! धारवाडहून दांडेली दीड-दोन तासांवर, तिथे काळी नदीकाठी जंगल लॉजेसचा कॅम्प आहे. बदामीला पर्यटन महामंडळाचं मयूर चालुक्य, हंपीजवळ कमलापूरला मयूर भुवनेश्वरी. गोकर्ण, याणा, जोग. यांतल्या बऱ्याच ठिकाणी क्लबचं रिसॉर्ट नाही आणि तिथे सात रात्री राहायचीही गरज नाही. ज्यांची वही अशी आहे त्यांनी सदस्यत्व घेतलं, तर पैसे भरलेत म्हणून जायचं आणि जमलं नाही म्हणून हळहळायचं, यातच वर्षं जातात.

उलट दुसरी वहीही असते, आणि तीही मी पाहिली आहे. दोघं कमावती, मुलं शाळेत, दरवर्षी पाच-सहा रात्री चांगल्या हॉटेलात काढलेल्या. अशा घराला स्वयंपाकाची छोटी सोय असलेलं अपार्टमेंट, मुलांसाठी पोहण्याचा तलाव, आजी-आजोबांना बरोबर नेता येईल एवढी जागा, हे सगळं उपयोगी पडतं. आपल्याकडचे कितीतरी सदस्य वारक्याला, मडिकेरीला, मुन्नारला दरवर्षी आनंदानं जातात. त्यांची फसवणूक झालेली नाही. त्यांना जे हवं होतं ते त्यांनी घेतलं.

मग प्रश्न येतो तो मोसमाचा. या सदस्यत्वांत वर्षाचे आठवडे रंगांनी वाटलेले असतात. क्लब महिंद्राकडे जांभळा, लाल, पांढरा आणि निळा असे चार मोसम आहेत. नाताळ-नववर्षासारखा ऐन गर्दीचा काळ जांभळ्यात, सर्वांत कमी मागणीचा निळ्यात, आणि किमतीही त्या क्रमानं उतरत जातात. हॉलमध्ये बसल्यावर महाग रंग परवडत नाही म्हणून माणूस स्वस्त रंग घेतो. घरी आल्यावर लक्षात येतं की मुलांच्या शाळेला सुट्टी दसऱ्याला आणि एप्रिल-मे महिन्यांत आहे, आणि आपला रंग तर भर पावसातला. हुबळीच्या दुर्गदबैलात दुकान असलेल्या माणसाला दिवाळीत गल्ला सोडता येत नाही, बँकेतल्याला मार्चअखेर हलता येत नाही, प्राध्यापकाला सुट्टी मिळते ती सगळ्या जगाबरोबरच. आपल्याला केव्हा सुट्टी मिळते हे आधी बघा, मग रंग. आणि योग्य रंग घेतला तरी हव्या त्या रिसॉर्टमध्ये खोली मिळेलच असं नाही. कित्येक महिने आधी नोंदणी करावी लागते. ज्यांची रजा दोन आठवडे आधी मंजूर होते त्यांना हे जमत नाही. एक सोपी परीक्षा आहे. सहीच्या आधी विक्रेत्याला सांगा, ‘येत्या मे महिन्यात गोव्यातल्या तुमच्या रिसॉर्टला या रंगावर चार रात्री मिळतात का, तुमच्या संगणकावर आत्ता दाखवा.’

पंचवीस वर्षं हा काळही नीट डोळ्यांसमोर आणा. आपल्या देशात सुट्ट्यांच्या सदस्यत्वाची ही पद्धत, म्हणजे टाइमशेअर, स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्सनं १९८६ पासून रुजवली. क्लब महिंद्रा चालवणाऱ्या महिंद्रा हॉलिडेजची स्थापना १९९६ ची. स्टर्लिंग २०१४ मध्ये थॉमस कुक इंडियाच्या ताब्यात गेली. कंपन्यांचे मालक बदलतात, हे व्यवहारात चालायचंच. पण तुमचा करार मालक बदलल्यावरही तुम्हाला बांधून ठेवतो. बासष्टाव्या वर्षी सही करणारे गृहस्थ करार संपेल तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे असतील. काही कंपन्यांकडे दहा वर्षांच्या योजना आहेत, त्यांची चौकशी करावी. मध्येच बाहेर पडायचं म्हटलं तर विकायला बाजार जवळपास नाही. ज्याला हवं आहे तो थेट कंपनीकडून घेतो, जुनं कोण घेणार? उलट विकू पाहणाऱ्यालाच फोन येतात, ‘तुमच्या सदस्यत्वाला गिऱ्हाईक तयार आहे, आधी नोंदणीचे आणि जीएसटीचे पैसे भरा.’ पैसे भरले की तो नंबर लागत नाही. असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती. सदस्यत्वाबरोबर कुणी परताव्याचं आश्वासन देऊ लागला तर तिथून उठा. महाराष्ट्रात पॅनकार्ड क्लब्जचं प्रकरण याच वाटेनं गेलं. मुंबईची ही कंपनी हॉटेलातल्या रात्री विकत असे. रात्री वापरा, नाही वापरल्या तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत घ्या. सुट्टीला जाण्यासाठी नव्हे, मुलीच्या लग्नासाठी, म्हातारपणासाठी लोकांनी त्यात पैसे ठेवले, आणि एजंट होते ते ओळखीतले, नात्यातले. ही बिनपरवाना सामूहिक गुंतवणूक योजना आहे असं सेबीनं २०१४ मध्ये म्हटलं आणि २०१६ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. रक्कम होती सुमारे ७,०३५ कोटी आणि गुंतवणूकदार एक्कावन्न लाखांहून अधिक. आदेश निघाला, मालमत्तांच्या लिलावाची वेळ आली, पण गुंतवणूकदारांचा पैसा वर्षानुवर्षं अडकून राहिला. एका कुटुंबानं आयुष्यभर जमवलेले दोन-तीन लाख असे अडकतात तेव्हा त्या घरात काय होतं, हे मी वेगळं सांगायला नको. राहण्याची सोय ही सोय म्हणूनच घ्यावी. तिच्यातून पैसा वाढेल असं सांगणारा माणूस ओळखीचा असला तरीही, नव्हे, ओळखीचा असला तर जास्तच सांभाळून राहावं.

धारवाडातल्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. त्यांनाही हेच आमंत्रण येतं, ओरलँडोला किंवा लास व्हेगसला स्वस्तात मुक्काम, फक्त दीड तासाचं सादरीकरण ऐका. आई-बाबा भारतातून येतात तेव्हा राहायची सोय होईल म्हणून मुलं सही करतात. तिथे मोठ्या हॉटेलचं नाव पाहून विश्वास बसतो. पण मॅरियटचा हा व्यवसाय २०११ मध्ये मूळ कंपनीतून वेगळा झाला, हिल्टनचा २०१७ मध्ये. दारावरचं नाव एक आणि करारावरचं दुसरं. तिथले कित्येक करार मुदतीचे नसतात, कायमचे असतात, आणि देखभालीचा खर्चही कायमचा. एक मात्र आहे, तिथल्या राज्यांनी सही मागे घेण्याची मुदत कायद्यानं दिली आहे. फ्लोरिडात दहा दिवस, नेवाडात पाच. युरोपीय संघात चौदा दिवस, आणि त्या काळात ग्राहकाकडून पैसे घेण्यासही बंदी. मुलांना फोन कराल तेव्हा एवढं जरूर सांगा.

आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. कंपनीच्या करारातच काही दिवसांत रद्द करण्याची तरतूद असेल तर तेवढाच आधार. म्हणून ते कलम सही करण्यापूर्वी शोधायचं, नंतर नव्हे. करार घरी वाचायला द्यायला जो तयार नाही त्याच्याशी व्यवहार करू नका. तोंडी सांगितलेलं प्रत्येक वचन, मोफत विमान तिकीट असो की परदेशातल्या रिसॉर्टची अदलाबदल, ईमेलवर लिहून मागा. हप्त्यांवर घेत असाल तर कर्ज कोण देतंय ते पाहा. ते दुसऱ्या वित्तसंस्थेचं असेल, तर क्लबशी वाद झाला म्हणून हप्ता थांबवता येत नाही, थांबवला तर सिबिलवर डाग तुमच्या नावावर पडतो.

आणि सही होऊन गेली असेल, रद्द करायची मुदत अजून शिल्लक असेल, तर फोनवर बोलत बसू नका. आजच ईमेल करा आणि तोच मजकूर पोचपावतीच्या टपालानंही पाठवा. मुदत उलटली असेल आणि दिलेलं वचन पाळलं गेलं नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आणखी एक मोठी सोय केली आहे. कंपनीचं कार्यालय चेन्नईत असो की मुंबईत, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे, म्हणजे आपल्या धारवाडच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील हवाच असंही नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र तक्रार दाखल झाली पाहिजे. करार, पावत्या, ईमेल, आणि हॉलमध्ये ज्याच्यावर चौदा लाखांभोवती गोल काढला होता तो कागदही, मिळाला तर मागून घ्या आणि फाइलला लावून ठेवा.