एकाच वेळी म्हणजे कुणाच्या वेळी?

गटाची बैठक आठला ठेवली की कुणी पावणेआठला येते, कुणी साडेआठला, आणि दोघी म्हणतात, "माझंच घड्याळ बरोबर." तिथं एकीचं तरी चुकलेलं असतं. आज सांगते त्या गोष्टीत दोघीही बरोबर आहेत.

१९०५ साली आइन्स्टाइन स्वित्झर्लंडमध्ये, बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरीला होते. तेव्हा मांडलेला विचार त्यांनी पुढे रेल्वेच्या उदाहरणानं समजावला. आपण त्यात आपल्या बाया बसवू. फलाटावर सखू उभी. धावत्या गाडीच्या बरोबर मधोमध पारू बसलेली. पारू सखूसमोर आली त्या क्षणी गाडीच्या दोन्ही टोकांवर वीज पडली. सखूला दोन्हींचा उजेड एकदमच दिसला. पारू मात्र पुढच्या उजेडाकडे चाललेली, तिला पुढची वीज आधी दिसली.

तुम्ही म्हणाल, यात काय, वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, तसंच. तसं नाही हो. तो उशीर हिशेबातून वजा करता येतो. इथं प्रकाशाचा वेग, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, दोघींनाही सारखाच भरतो. पारूपासून गाडीची दोन्ही टोकं सारखीच लांब. म्हणजे तिच्या हिशेबानं पुढची वीज खरोखरच आधी पडली. सखूच्या हिशेबानं दोन्ही एकदम. खोटं कुणीच बोलत नाही. (पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोन दिवस पारूशी मनातल्या मनात भांडत होते.)

आता हे आपल्या कामाचं कसं? मोबाइलमधलं जीपीएस. त्याचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. वेगामुळे त्यांची घड्याळं दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, आणि वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ पुढे जातात. वजाबाकी करा, ३८ पुढे. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. पण तेवढ्या ३८ मध्ये प्रकाश ११ किलोमीटर जातो! म्हणून ती घड्याळं वर पाठवण्याआधीच किंचित मंद लावतात. नाहीतर एका दिवसात फोननं आपलं शेत दुसऱ्याच गावात दाखवलं असतं.

आणि ई-पीक पाहणीत फोन तेच बघतो, तुम्ही खरंच त्या गटात उभ्या आहात का. नोंद राहिली तर नुकसानीच्या वेळी उभं पीक कागदावर नसतं. सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर फोन मुलाच्या हाती देऊन घरी बसू नका, स्वतः जा. झाडाखाली नको, मोकळ्या आभाळाखाली थांबा, ठिकाण स्थिर होऊ द्या, मगच फोटो काढा.