खड्यांची चित्रे आणि देणाऱ्यांची नावे



मोझेइकची फरशी म्हटली की सिमेंटमध्ये संगमरवरी कपच्या बसवलेली गुळगुळीत लादी डोळ्यांसमोर येते. पण मोझेइक ही मूळची चित्रकला आहे. रंगाऐवजी दगडाचे व काचेचे बारीक खडे शेजारी शेजारी बसवून केलेले चित्र, ते मोझेइक. मराठीत त्यास कुट्टिमचित्र असे म्हणतात.

प्राचीन रोमन लोकांनी ही कला प्रामुख्याने जमिनीवर वापरली. खाली दगडगोट्यांचा थर, त्यावर चुना व विटांचा चुरा, सर्वांत वर बारीक चुन्याचा ओला गिलावा, आणि तो वाळण्याच्या आत त्यात खडे दाबायचे. इटलीतील पॉम्पेई हे गाव इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झाले. तेथील एका वाड्यात १८३१ साली सिकंदर आणि इराणचा दारयूश यांच्या लढाईचे चित्र सापडले. पाच मीटरांहून लांब असलेल्या या चित्रात दहा लाखांहून अधिक खडे आहेत. हाच तो हिंदुस्थानावर चालून आलेला सिकंदर.

पुढे बायझंटाईन काळात ही कला जमिनीवरून भिंतींवर व घुमटांवर चढली. काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख घालून सोनेरी खडे तयार होऊ लागले. ते मुद्दाम किंचित तिरपे बसवीत. त्यामुळे दिव्याची ज्योत हलली की सारी भिंत लखलखे. इटलीत राव्हेन्ना येथे सान व्हिताले हे चर्च आहे. इ. स. ५४७ मध्ये त्याचे समर्पण झाले. त्याच्या भिंतीवर सम्राट जस्टिनियन व सम्राज्ञी थिओडोरा हातांत अर्पणाची पात्रे घेऊन उभी आहेत. परंतु या चर्चसाठी पैसा दिला तो ज्युलियानस नावाच्या एका सराफाने. त्याने २६,००० सुवर्णनाणी दिल्याची नोंद आहे.

एवढी रक्कम देणारा विरळा. सामान्यांचे काय? त्याचे उत्तर इटलीतच आक्विलेया येथे मिळते. चौथ्या शतकाच्या आरंभी तेथे चर्च उभे राहिले, तेव्हा जानुआरियस नावाच्या माणसाने ८८० फूट फरशीचा नवस केला. ती नोंद खड्यांच्याच अक्षरांत फरशीत बसवलेली आहे. जवळच्या ग्राडो गावी सहाव्या शतकातील फरशीवर तर शिपाई आणि कुटुंबकबिल्यासह देणगी देणारे गृहस्थ यांची नावे ओळीने आहेत. ज्याची जेवढी ऐपत तेवढे फूट. साम्राज्य लयास गेले, पण त्या शिपायाचे नाव अजून वाचता येते.

मात्र फरशी टिकली तरच नाव टिकते. जॉर्डन देशातील मादाबा येथे १८८४ साली जुन्या चर्चच्या अवशेषांवर नवे चर्च बांधण्याचे काम निघाले, तेव्हा सहाव्या शतकातील एक फरशी उघडी पडली. तिच्यावर त्या प्रदेशाचा नकाशाच होता! गावे, डोंगर, नद्या आणि मधोमध तटबंदीचे जेरुसलेम शहर. खारट मृत समुद्र जवळ येताच जॉर्डन नदीतला मासा तोंड फिरवून माघारी निघालेला, एवढेही कारागिराने सोडलेले नाही. विद्वानांचे लक्ष तिकडे वळले ते १८९६ च्या सुमारास. तोवर चर्च बांधून झाले होते आणि बांधकामात नकाशाचे नुकसानही झाले होते. मूळचा बराच भाग आज नाही. बांधणाऱ्यांची श्रद्धा खरी होती, पण पायाखाली काय आहे याचा विचार मागाहून झाला.

राहिले त्याचे मोल तरी किती! १९६९ नंतर जेरुसलेममध्ये उत्खनन झाले, तेव्हा नकाशात दाखवलेला खांबांच्या रांगांचा मोठा रस्ता व एक मोठे चर्च खरोखरच जमिनीखाली सापडले. चौदाशे वर्षांपूर्वीच्या अनाम कारागिराची साक्ष खरी ठरली.

यातून जीर्णोद्धार करणाऱ्या कोणत्याही गावाने एवढेच घ्यावे. नवे अवश्य बांधावे, परंतु कुदळ मारण्यापूर्वी जुना दगड पुसून पाहावा. त्यावर अक्षर असेल, तर ते कोणा पूर्वजाच्या दानाची पावती असते. ती जपली, तर आजच्या देणाऱ्यांची नावेही पुढची पिढी जपेल.

अस्तु.